छिन्नीचा घाव

भाच्याने पितळी बिल्ल्यांचा ढीग आत्याच्या टेबलावर ओतला. "भाव सांग, प्रवचन नको." जुन्या व्यापारी बिल्ल्यांची पारख करण्यात केस पिकलेल्या आत्याने हसत भिंग लावलं. खाणीच्या दुकानातले बिल्ले. मजुरांना पगाराऐवजी हेच मिळायचे, किराणाही यांवरच. पण प्रत्येकावर छिन्नीचा घाव दिसताच तिचं हसू मावळलं. खाण बंद करताना मालकाने उरलेले बिल्ले असे बाद करून खाणीच्या तोंडात फेकले, वर फळ्या टाकून माती लोटली, हे तिला ठाऊक होतं. "कुठे सापडले?" "स्वयंपाकघरात. फरशी खचली म्हणून उकरली, तर घबाड." "घरी कोण आहे?" "आई स्वयंपाक करतेय, ही बाळाला घेऊन झोपलीय. का गं?" "फोन लाव. आहात तशा बाहेर पडा म्हणावं. तुमच्या ओट्याखाली खाण आहे." त्याने फोन लावला. घंटी वाजता वाजता बंद पडली.