आधी माझ्यावर

तंत्रज्ञ केतकीने रेगेकाकांच्या घरी येऊन त्यांच्या हृदययंत्रात नवा कर्नेल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, चढवला आणि चाचण्या सुरू केल्या. नवरा-बायको दोघांच्याही छातीत एकाच बनावटीचं यंत्र होतं, पण काकांचा हट्ट दरवर्षी तोच: "आधी माझ्यावर चालव. धड उठलो, तर मग हिला बोलाव." केतकीला तो म्हातारपणाचा लाडिकपणा वाटायचा.

एकशे अकरा चाचण्या झरझर पार पडल्या. शेवटच्या चाचणीत कर्नेल मुद्दाम बंद पाडायचा. चार सेकंदांत तो आपला आपण सुरू व्हायला हवा.

स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "झालं का गं ह्यांचं? येऊ का मी?"

पडद्यावर एकोणिसावा सेकंद उलटला होता. काकांची छाती दोन्ही हातांनी दाबत केतकी ओरडली, "ॲम्ब्युलन्स बोलवा, काकू! तुमचं नाही करायचं."