टीव्हीपुढची ओटी

अमेरिकेत पहिल्यांदाच बाई राष्ट्राध्यक्ष होणार, या भरवशावर मालतीबाईंनी लेकाच्या न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावातल्या घरी देवाला हात जोडून टीव्हीपुढे ओटीचं ताट मांडलं होतं: खण, तांदूळ, नारळ. “जिंकली की आपण तिची ओटी भरू हं,” त्यांनी सात वर्षांच्या नातीला सांगितलं होतं. संध्याकाळी ट्रेनने परतलेला लेक दारातच म्हणाला, “आई, बाई हरली गं. आख्खा डबा चिडीचूप होता.” आजोबा मिशीत हसले. “अगं, उचल तो नारळ. चटणीला होईल.” मालतीबाईंना गावची सरपंचपदाची निवडणूक आठवली. त्यांनी भरलेला अर्ज नवऱ्याने परस्पर मागे घेतला होता आणि घरी येऊन असंच हसत जेवायला मागितलं होतं. “आजी, सो गर्ल्स कान्ट?” नातीचा चेहरा उतरला. “ते आजोबांना विचार, बाळा,” मालतीबाई म्हणाल्या आणि नारळ उचलून तेव्हासारख्याच मुकाट स्वयंपाकघरात गेल्या.