आठवा आकडा

आमची ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कची तब्येत एका ओळीत, सात आकड्यांत सांगायची. डिस्क मरायला टेकली तरी त्या सातांवरून काही कळत नसे. म्हणून मी ओळीच्या शेवटी, डिस्क बिघडू लागली की चढत जाणारा आठवा आकडा जोडायला घेतला. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या आमच्या ऑफिसात त्यावर दोन वर्षं वाद चालला.

"राडिम, पहिल्या सातांना हात लावलास तर याद राख," आमचा म्हातारा प्रमुख ओटाकार बजावायचा. "ते वाचणारे प्रोग्राम ज्यांनी लिहिले, ते कधीच घरी बसलेत. एकही जुना प्रोग्राम मोडता कामा नये."

अखेर आठवा आकडा जगभर गेला. वर्षभरात एकही तक्रार आली नाही. ओटाकारने खूश होऊन घरी गाळलेल्या स्लिवोवित्साची, म्हणजे आलुबुखाराच्या दारूची, बाटली उघडली.

परवा माझ्या बहिणीचा, यिट्काचा फोन आला. तिने गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून तीस वर्षं रेकॉर्ड केलेली गाणी डिस्कबरोबर गेली होती. गाणारे बहुतेक आता हयात नाहीत.

"इशारा आला की दुसरी प्रत काढायची, असं ठरलं होतं ना आपलं?" ती रडत म्हणाली. "इशाराच आला नाही रे!"

मी तिच्या संगणकावरच्या रोजच्या नोंदी पाहिल्या. आठवा आकडा अकरा दिवस चढत होता. पण इशारा देणारा तिचा प्रोग्राम जुना होता. तो सात आकडे वाचून थांबायचा.



पंधरा वर्षांपूर्वी तो मीच तिला लिहून दिला होता. माझ्या बदलाने त्याला साधा धक्काही लागला नव्हता.