बादलचा सौदा

सत्यजीतनं पायातली चप्पल उपसली आणि ज्योतिबामामांच्या तोंडावर हाणली. सख्ख्या मामाच्या! चष्मा उडून शेणात पडला.

"परत म्हणा! म्हणा परत मला फुकट्या!"

"म्हणतो की," मामा गाल चोळत म्हणाले. "कर न्हाई द्यायचा आन् रस्ता मातुर सरकारचा वापरायचा. ह्याला फुकट्या न्हाई तर काय म्हणत्यात?"

कासुर्डीला सत्यजीतच्या गोठ्यात त्या सकाळी खरं तर बैलाचा सौदा व्हायचा होता. तळेगाव ढमढेऱ्याचे हौसराव शर्यतीचा बैल टेम्पोतून घेऊन आले होते. बादल त्याचं नाव. इसार आधीच दिलेला, राहिलेले पैसे आज द्यायचे ठरलेले. पण चहा येईपर्यंत विषय इन्कम टॅक्सवर गेला आणि सत्यजीत पेटला. कुरकुंभला औषधाच्या कंपनीत तो सुपरवायझर. मार्चच्या पगारातून कर कापला गेला तेव्हापासून त्याच्या मस्तकात तिडीक होती. मग त्यानं मोबाईलवर कुणाकुणाचे व्हिडिओ पाहिले आणि गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. कर घेणंच बेकायदा आहे, असं तो आता भेटेल त्याला सांगत सुटला होता.

"कायदा हाय, सत्या. घटनेत लिवलंय," मामा म्हणाले. पलटणीत नोकरी करून आलेला माणूस, सहजासहजी मागं हटणारा नव्हता.

"मला इचारून लिवलं का? घाम माझा. रातपाळी माझी. आन् पगार हातात पडायच्या आधीच ह्यांचा हात आत! हा दरोडा हाय, दरोडा!"

"तुझ्या त्या पैशावर माझ्यासारखी पोरं बर्फात उभी ऱ्हायली."

"कशावरनं? दावा मला! कुठं जातो माझा पैसा, एकानं तरी हिशेब दिलाय का?"

"तू बैलावर उधळतोस, त्याचा हिशेब कुणाला देतोस?"

हे मात्र वर्मी लागलं. सत्यजीतनं मामांची कॉलर धरली आणि त्यांना सरळ गव्हाणीवर ढकललं. दगडी काठ कपाळाला लागला. रक्त भुवईवरून ओघळून सदऱ्यावर पडलं. बादल बिथरला आणि दाव्याला हिसके देऊ लागला. बाजेवर बसलेले मारुतराव, म्हणजे सत्यजीतचे वडील, "आरं, आरं," एवढंच म्हणाले. पोरापुढे त्यांनी केव्हाच हात टेकले होते. हौसराव बैलाला चुचकारत राहिले. गिऱ्हाइकाच्या घरच्या भांडणात कोण पडतो?

सविता चहाची किटली खाली ठेवून धावली. पदर फाडून तिनं मामांच्या कपाळावर दाबून धरला. ती सत्यजीतची बायको. त्याच कंपनीत पॅकिंगला होती. गेले पंधरा दिवस ती एकच गोष्ट मागत होती. सायलीची फी भरा. त्यांची पोरगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि फी आली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, असं कॉलेजनं बजावलं होतं. आणि तो दरवेळी एकच उत्तर देत होता. आधी बैल.

"आटपा, हौसराव," सत्यजीत धापा टाकत म्हणाला. "आत्ता सोडतो तुमचं पैसं." त्यानं मोबाईल काढला. स्क्रीनवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग तो सविताकडे वळला.

"तुझा पगार झाला न्हाई?"

सविताचं बँकेतलं खातं त्यानंच काढून दिलं होतं, आणि नंबर स्वतःचा दिला होता. बाईमाणसाला काय करायचेत बँकेचे मेसेज? पगार तिचा जमा व्हायचा आणि मोबाईल त्याचा वाजायचा. एटीएमचं कार्डही त्याच्याच पाकिटात. सात वर्षं हे असंच चाललं होतं आणि घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"झाला की काल," सविता म्हणाली.

"मग मेसेज कुठाय?"

"दुसरं खातं काढलं. कंपनीत तसं लिहून दिलं." तिनं मामांच्या कपाळावरचा हात काढला नाही. "सायलीची फी भरली."

हौसरावांनी बैलाचं दावं सोडायला घेतलं, आणि ते पाहून सत्यजीतचा उरलासुरला तोल गेला. शर्यतीचा चाबूक खुंटीला होता. त्यानं तो ओढला. पहिला फटका सविताच्या पाठीवर बसला, दुसरा मानेवर. तिसरा चुकवताना ती शेणात गुडघ्यावर पडली.

"कुणाला इचारून? कुणाला इचारून केलंस?"

तो मारत राहिला. मारुतरावांनी मान खाली घातली. शेवटी मामाच उठले, रक्तानं एक डोळा मिटलेला, आणि त्यांनी चाबकाची वादी मुठीत धरली. त्यानं हिसका दिला तरी वादी सोडली नाही.

सविता उभी राहिली. ओठ फुटला होता. तो तिनं मनगटानं पुसला.

"मामा, तुमचंच खरं," ती म्हणाली. "सरकार पैसं कापून घेतं, पण मारत न्हाई."