चुलीच्या वरचं कवेलू

चुलीत कापसाची पऱ्हाटी पेटली की सैपाकघर धुरानं भरायचं आणि कौसल्याला खोकल्याची उबळ यायची. मग मागून एक हात हळूहळू तिची पाठ चोळायचा. नवऱ्याचाच असणार, म्हणून तिनं कधी वळून पाहिलं नव्हतं.

साठ सालच्या हिवाळ्यात नवरा, डोमाजी, धुराला वाट करून द्यायला कौलारू छपरावर चढला.

खाली तिला उबळ आली. हात पाठीवर आला.

"तुमी वरतंच हाये नं?" तिनं विचारलं.

"हो. आता नाही होनार तुले तरास," म्हणत त्यानं चुलीच्या वरचं कवेलू काढलं.

उजेड आत आला. धूर सरळ वर निघून गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चारही भिंती दिसल्या. हात पाठीवरच होता.

डोमाजीनं खाली वाकून तिच्या पाठीमागं पाहिलं. मग त्यानं कवेलू परत बसवलं.