काडी

“पुन्हा सांग,” सत्यभामा म्हणाली.

“म्या काडी वढली. कडब्यात टाकली. पेटलं तशी भ्याले आन् पळाले.” जाईनं एका दमात म्हटलं. मग आईच्या पदराला झोंबत हळूच म्हणाली, “पर आई, म्या तर तुझ्यापाशी झोपले हुते.”

“न्हवतीस झोपलेली!” सत्यभामानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

दुष्काळाचं साल. सोसायटीनं गावाबाहेर चाऱ्याचा डेपो घातला होता आणि परवा भरदुपारी तो जळाला. साऱ्या गावाच्या जनावरांच्या तोंडचा घास गेला. राखणदार होता बलभीम, सत्यभामाचा नवरा. विडी ओढता ओढता त्याचा डोळा लागला होता. हे तो, ती आणि तिचा भाऊ उत्तरेश्वर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

उत्तरेश्वर उमरग्याला कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. सांगावा मिळताच तो आला. “दाजी, मुद्दाम न्हाय केलं म्हनून सुटत न्हाईत. हयगय बी गुन्हाच हाय. आत जाल,” तो म्हणाला. मग भिंतीशी भातुकली मांडून बसलेल्या जाईकडं त्याची नजर गेली आणि आवाज खाली आला. “अक्का, सात वर्साच्या आतल्या लेकरानं काय बी केलं, तरी कायदा त्याला गुन्हा म्हनत न्हाय. अटक न्हाय, जामीन न्हाय. लेकराला हेतू नसतो, असं धरत्यात.”

काडीपेटीला हात लावला म्हणून मागं सत्यभामानं ज्या हातावर चापट मारली होती, तोच इवलासा हात धरून ती आता काडी ओढायला शिकवत होती.

हवालदार आला. ओट्यावर टेकला, टोपी मांडीवर ठेवली. जाईनं सगळं बरोबर सांगितलं. बापाची भाकरी घेऊन गेले, काडी वढली, टाकली, पळाले.

“अस्सं?” त्यानं खिशातली काडीपेटी पुढं केली. “वढ बरं.”

पहिली काडी मोडली. दुसरीही मोडली. तिसरी पेटली. जाळ बोटापर्यंत आला तरी जाईनं ती सोडली नाही. ती आईकडं बघत होती. सत्यभामानं धावत जाऊन फुंकर घातली.

“वय?”

“सातवं चालू हाय. दिवाळीला सात पुरी हुतील.”

हवालदारानं जाईची हनुवटी उचलली. “दात पडलाय की गं!”

“पहिलाच हाय, सायेब. काल माळवदावर टाकला.”

तो बराच वेळ त्या फटीकडं बघत राहिला. मग उठला. “लेकरावर गुन्हा कसा घालावा?” जाता जाता बलभीमकडं वळून म्हणाला, “काय रे, सहा वर्साची पोर तुझ्या डोळ्यांदेखत डेपो पेटवती, आन् तू राखणदार! बांगड्या भर लेका!” गल्लीतली माणसं हसली. बलभीमही हसला.

त्यानंतर जाई चुलीजवळ जाईना. निखारा दिसला की हात पाठीमागं घेई. भ्यालीय, होईल बरी, असं सत्यभामा मनाला समजावत राहिली.

आठवड्यानं शेजारच्या धुरपदाबाईची गाय चाऱ्यावाचून मेली. माणसांनी दोर बांधून ती दारावरून ओढत नेली. जाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मग ती आत आली. हात पाठीमागंच होते.

“आई, धुरपदा आजीची गाय म्याच मारली का?”

बाहेर ओट्यावर सोसायटीचा चेअरमन बलभीमशी बोलत बसला होता. बलभीमचं बोलणं मधेच थांबलं.

सत्यभामानं तिला जवळ ओढलं. केसांवरून हात फिरवला. “तू... तू तर तवा...” ती पुटपुटली आणि वाट बघत राहिली. म्या झोपले हुते, एवढं एकदा पोरीनं आपणहून म्हणावं.

जाई उत्तराची वाट बघत होती. तिला दुसरं काही आठवतच नव्हतं.

ओट्यावरून चेअरमननं आत डोकावून पाहिलं.

“व्हय, माय,” सत्यभामा म्हणाली. “तूच.”