प्रार्थनेत ठेवलेली बाब

अकरा जणांचे पाय धुऊन झाले होते. बारावी खुर्ची उरली होती आणि तिच्यावर नानासो बसले होते.

पवित्र गुरुवारी सांगलीच्या या चर्चमध्ये, येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे, पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तो मान जयराज वकिलांकडे आला. काम काही अवघड नव्हतं. इथली मंडळी घरूनच वजरीने पाय घासून, वर पावडर लावून येते. देवाच्या दारात मळके पाय पुढे करायचे कसे? त्यामुळे अकरा जणांनंतरही परातीतलं पाणी नितळच होतं.

जयराज परात घेऊन पुढे सरकले, पण मान त्यांनी खालीच ठेवली. नानासोंच्या नजरेला नजर द्यायची त्यांची हिंमत नव्हती.

नानासो ड्रेनेजच्या कामावरचे. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा सूरज चेंबरमध्ये उतरला, तो मेलेलाच वर आला. पोरगा दारू पिऊन पडला, असं ठेकेदाराने लिहून दिलं. तो ठेकेदार जयराजांचा सगळ्यात जुना अशील. नानासो केस घेता का म्हणून विचारायला आले, तेव्हा जयराज म्हणाले होते, "तुमची बाब प्रार्थनेत ठेवतो." मंडळीत नाही म्हणायची ही सभ्य रीत आहे.

तरी जयराज अगदीच खोटं बोलले नव्हते. ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस ते रोज पहाटे गुडघे टेकत होते. 'प्रभू, तुझी इच्छा कळव.' मग दहा मिनिटं गप्प राहायचं, आणि काहीच ऐकू आलं नाही की हायसं वाटून उठायचं. त्या हायसं वाटण्याचीच त्यांना लाज वाटे.

त्यांनी नानासोंचा पाय हातात घेतला. टाच सोलून निघाली होती. वजरी इतकी फिरवलेली की भेगांतून रक्त आलं होतं, आणि तरी नखांच्या कडांचा काळेपणा गेला नव्हता.

"हात नका लावू, सायेब," नानासो हळूच म्हणाले. "लय घासलं, पर जात न्हाई. वरनं पानी सोडा नुसतं."

जयराजांनी हात काढला नाही.

"तुमी आमची बाब प्रार्थनेत ठेवलीया, लय उपकार झाले," नानासो म्हणाले. "मी बी रोज तुमच्यासाठनं मागतो. वकीलसायेबांस्नी लवकर उत्तर मिळू दे, म्हनतो."

या माणसाने तो शब्द खरा धरला होता. रोज त्यांच्यासाठी देवापुढे बसत होता, आणि ते स्वतः मात्र कानांत बोळे घालून उत्तर मागत होते.

पाणी लालसर झालं. पेटीवाला गीत सुरू करायला खोळंबला होता. पाळकसाहेबांनी खुणेनेच आटपा म्हटलं.

जयराजांनी पाय टॉवेलात गुंडाळला आणि तसाच धरून ठेवला. इतक्या दिवसांत आपण सूरजबद्दल एक प्रश्नही विचारला नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"नानासो, सूरज खाली उतरला तेव्हा वर दोर कुणी धरला होता?"

नानासोंनी मांडीवरचे दोन्ही तळहात उलटे करून पाहिले.

"मीच," ते म्हणाले. "माज्याच हातात व्हता. प्यालं न्हवतं वो माजं पोरगं. आबा, दोर घट धरा, म्हनून उतरलं."

पेटीचा सूर लागला. मंडळी गीताला उभी राहिली. जयराज उठले नाहीत. परात बाजूला सारून त्यांनी तिथंच फरशीवर मांडी घातली.

"पहिल्यापासनं सांगा," ते म्हणाले.